नळी प्लास्टिकची हवी

२ मार्च, सोमवार

गेला! व्हॅक्यूम क्लीनर गेला. बिघडला नाही — मारला! चिरंजिवांनी सकाळी साडेदहाला दोन्ही हातांनी उचलला आणि हॉलच्या भिंतीवर आपटला. का? तर त्याचं ऑफिसशी फोनवर बोलणं चाललं होतं आणि मावशी आतल्या खोलीत मशीन फिरवत होती. "बंद करा म्हटलं ना!" असं दोनदा ओरडला म्हणे. मशीन चालू असताना कुणाला काय ऐकू जाणार?

भिंतीला खड्डा. एक चाक सोफ्याखाली. पोटातली सगळी धूळ हॉलभर — पडद्यांवर, फोटोंवर, माझ्या केसांत. मावशीने झाडू काढला आणि तासभर झाडलं. वीस वर्षं या घराची झाडलोट तिच्याकडे आहे. पण तोंड असं करून झाडते की मशीन मीच आपटलंय!

सून शाळेतून आली. भिंत पाहिली. वाकून सोफ्याखालचं चाक काढून दिलं.

३ मार्च

आज स्वारी खुशीत. स्वतः जाऊन भिंतीचा खड्डा बुजवला, वरून घासला, रंगाचा हात दिला. शीळ घालत! हात फार सफाईदार आहे त्याचा. आता बोट फिरवलं तरी कळत नाही. "आई, नवीन चांगलं घे. कमी आवाजाचं," म्हणाला.

५ मार्च

दोन दिवस मशीनं बघतेय. पिशवीचं, डब्याचं, उभ्या दांड्याचं, बिनवायरचं. एक तर आपलं आपणच घरभर फिरतं, पाळलेल्या कासवासारखं. ते नको. पायात येईल आणि मीच उताणी पडेन.

मावशीलाही विचारावं म्हटलं. आठवड्यातले सहा दिवस तीच वापरणार, मी फक्त तिच्या सुट्टीला, रविवारी.

"हलकं घ्या वहिनी. आणि नळी प्लास्टिकची."

"अगं, प्लास्टिक तडकतं."

"तडकू दे की."

आणि गेली भांडी घासायला! अर्धवट बोलायची खोड जायची नाही हिची.

७ मार्च

सुनेचा ओठ फुटलाय. कपाटाचं दार लागलं म्हणाली. फडक्यात बर्फ बांधून दिला. दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा — नाहीतर कातडी भाजते.

काल संध्याकाळी त्यांच्या खोलीतून आवाज आला होता. आधी त्याचा, मग काहीतरी पडल्याचा, मग तिचा — लहानसा. मी टीव्ही मोठा केला. इथे खोटं कशाला लिहू? मीच मोठा केला.

१० मार्च, मंगळवार

अजून कान गरम आहेत माझे!

मावशीला घेऊन दुकानात गेले. विक्रेती हसतमुख, बोलकी. गालिच्यावर वाळू टाकून ओढून दाखवली, तांदूळ टाकून ओढून दाखवले. मी बघत होते. मावशीचं लक्षच नाही! ती एकेका मशीनची नळी काढून हातात तोलत होती. एक स्टीलची होती. दोन्ही हातांनी धरली, खांद्याच्या वर नेली आणि खाली आणली. जमिनीपासून वीतभर वर थांबवली. विक्रेती दोन पावलं मागे सरली.

"ही लागेल," मावशी म्हणाली.

मग प्लास्टिकची घेतली. स्वतःच्याच हातावर मारून बघितली. एकदा, मग जोरात एकदा. "ही चालेल. आता बिनवायरचं दाखवा."

"हो हो, वायरीत पाय अडकून पडायला होतं," विक्रेती म्हणाली.

"पायाचं नाही हो," मावशी म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

तळपायाची आग मस्तकात गेली! चार परक्या माणसांत आमच्या घराची लक्तरं! तिला काय वाटतं, मला कळत नाही? मला सगळं कळतं. म्हणूनच म्हटलं, "ते स्टीलचंच द्या." भारी, वजनदार, सहा मीटर वायरीचं. विक्रेती म्हणाली, वीस वर्षं काही होणार नाही बघा नळीला. बांधायला सांगितलं.

मावशीने खोकं उचलून टॅक्सीत ठेवलं. माझ्या घरात काय येणार ते मी ठरवणार!

११ मार्च

मशीन झकास ओढतं. आवाज खरंच कमी. मावशी कामापुरतं बोलते. नसेल बोलायचं तर नको.

१३ मार्च, शुक्रवार

कपाटात मशीन आहे, नळी नाही! सगळं घर शोधलं. शेवटी धुण्याच्या जागेत सापडली, पिंपामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. रोज काम झालं की तिथे ठेवते म्हणे.

"तिथे कशाला?"

"तिथे दादा जात नाहीत."

मी ओरडले. खूप ओरडले. वस्तू जागच्या जागी हवी, हे घर आहे, चोरबाजार नाही, माझ्या मुलाबद्दल पुन्हा तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस! ती ओल्या हातांनी उभी होती. मी स्वतः नळी आणून कपाटात ठेवली.

सून दारात उभी राहून ऐकत होती. मी आत गेले तरी तिथेच होती.

१५ मार्च, रविवार

लिहवत नाही.

१६ मार्च

लिहिणार. नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नाही.

काल मावशीची सुट्टी. चारच्या सुमाराला हॉल मी काढला. कंबर भरून आली म्हणून मशीन तिथेच सोडलं आणि नळी सोफ्याला टेकवून ठेवली. मी ठेवली.

सून म्हणाली, शाळेतल्या मुलांना घेऊन चित्रांच्या प्रदर्शनाला जायचंय, दोन दिवस. बस, एवढंच. त्याने आधी पेला फेकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि दारावर फुटला. मग थोबाडीत दिली. ती पडली नाही. पडली नाही याचाच त्याला राग आला. त्याने इकडेतिकडे बघितलं. हातात काहीतरी हवं होतं त्याला. मी हे बघत होते, आणि तो काय शोधतोय ते मला त्याच्याआधी कळलं. मी तीन पावलांवर होते. तीन पावलं! उचलून बाजूला करता आली असती. माझे पाय हलले नाहीत.

नळीचा पहिला तडाखा पाठीत. ती गुडघ्यावर आली. दुसरा डोक्यावर येत होता, तिने उजवा हात वर धरला. हाडाचा आवाज मी ऐकला. टीव्ही बंद होता. तिसरा हुकला आणि फरशीवर बसला. फरशीचा टवका उडून माझ्या पायाला लागला. नळी जराही वाकली नाही. विक्रेती खरं बोलली होती.

आणि मी काय म्हणाले? "पुरे रे, शेजारी ऐकतील." हे म्हणाले मी! आग लागो माझ्या जिभेला.

तो धापा टाकत होता. "बघितलंस ना आई, काय काय करायला लावते ही मला!" मग हात धुतले, शर्ट बदलला, गाडीची किल्ली घेतली. दवाखान्यात त्यानेच नेलं. प्रत्येक सिग्नलला नीट थांबला. एकाला पुढे जाऊ दिलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि पदर दातांत धरलेला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. माझा पदर.

हाड दोन ठिकाणी मोडलंय. उजवा हात. आणि ती चित्रकला शिकवते! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? "जिन्यावरून पडले," सून म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

१७ मार्च

काल मावशी निरोप न देता घरी राहिली. मला वाटलं, संपलं, आता ती यायची नाही. आज आली. सुनेच्या प्लास्टरकडे बघितलं, हॉलमधल्या फरशीकडे बघितलं. "सांगितलं होतं ना" असं म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"वहिनी, दुकानात तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो," म्हटलं.

तिने मान हलवली आणि सुनेच्या मागे जाऊन बसली. एका हाताने वेणी घालता येत नाही पोरीला. मावशीने विंचरायला घेतली. कंगवा एके ठिकाणी लागला तशी सून कळवळली. तिथे केसच नव्हते, नाण्याएवढी जागा. ते कधीचं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही कधी.

१८ मार्च

संध्याकाळी चिरंजीव मजेत. डाव्या हाताने जेवताना तिचे घास सांडत होते, त्यावर हसला. म्हणाला, "शाळा सोडच आता. घरी बस, आईला सोबत होईल." माझं नाव पुढे केलं! मी त्याच्याकडे बघितलं. भुवई त्याच्या बापासारखी वर, ओठ तसाच खाली. ताट तसंच ठेवून उठले.

सुनेला मोरीत गाठलं. म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर येशील?" कुठे, असं तिने विचारलं नाही. "तुम्ही तिथे मागे फिरलात तर?" एवढंच म्हणाली.

दोन वर्षांत तिने मला पहिल्यांदा काही विचारलं. मी तिच्या गळ्याची शपथ घ्यायला हात पुढे केला, तर ती दचकून मागे झाली.

१९ मार्च, गुरुवार

गेलो. तिघीही. तक्रार माझ्या सहीने दिली, डोळ्यांनी पाहिलं म्हणून. पोलीसबाईंनी विचारलं, "घरात हे किती दिवस चाललंय?" "दोन वर्षं," सून म्हणाली. बाई लिहायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. तेहेतीस लिहा. त्याचा बाप जिवंत होता तोवर मार खायला मी होते.

सून माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी नवा कागद घेतला. "बसा, आजी. पहिल्यापासून सांगा."

सांगितलं.