बुरुजाला वळसा

फ्लोरेन्स, २६ नोव्हेंबर १५६५

नान्नीदादास,

लापोचा नमस्कार. वहिनीला खोकला झाल्याचं गाववाल्यांकडून कळलं होतं, तो उतरला असेल. इथे आम्ही नवराबायको बरे आहोत. तेस्सा तुम्हा सर्वांची आठवण काढते. आठ वर्षांनी लिहितोय, तेव्हा आधी चांगली बातमी सांगतो.

ड्यूकसाहेबांची उंचावरची झाकलेली वाट पुरी झाली. जुन्या राजवाड्यातून निघते, पुलावरच्या खाटकांच्या डोक्यावरून नदी ओलांडते आणि थेट पलीकडच्या महालात उतरते. ड्यूकसाहेबांना आता रस्त्याला पाय लावायला नको. पाच महिन्यांत उभी केली आम्ही.

पुलाच्या टोकाला जुना बुरूज आहे. तो फोडून वाट न्यायला बुरुजाच्या मालकांनी साफ नकार दिला. ड्यूकसाहेबांनी जबरदस्ती केली नाही, वाटच बुरुजाला वळसा घालून न्यायची ठरली. खाली खांब नाही. भिंतीतून पुढे काढलेल्या दगडांवर सगळा भार.

मुकादम व्हिएरीने विचारलं, "हे दगड बसवणार कोण?"

"मी," म्हटलं. "सेत्तिन्यानोच्या खाणीत वाढलोय."

"तू तर विटा रचणारा," असं तो म्हणाला नाही. ते आठ वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास.

आपल्या खाणीतून दगड आले. तिसऱ्याच्या पाठीवर तुझी खूण होती, तीन खाचा आणि आडवी रेघ. नुसता हात फिरवला. इतका चोख घडवलेला दगड साऱ्या कामात दुसरा नव्हता.

तोच वर चढवताना दोर घसरला. व्हिएरी खालून ओरडला, "सोड, पडू दे!" मी सोडला नाही. दगडाचा टवकाही उडाला नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. आता जखम भरलीय, काळजी नको. तेस्सा म्हणते, "दुसरा दगड मिळाला असता की, वेड्या." मिळाला असता. तुझा नसता मिळाला.

काल राजवाड्यातली मंडळी पहिल्यांदा वरून गेली. मी खाली उभा राहून कान देत होतो. वळणावर एकही पाऊल दबकलं नाही.

"वर काय बघतोस रे?" एका खाटकिणीने विचारलं.

'माझं काम' म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "आमचं काम."

नाताळाआधी ये, दादा. वहिनीलाही आण. त्या वळणाखाली दोघांनी मिळून एकदा मान वर करायची आहे.

तुझ्याच बापाचा धाकटा मुलगा,
लापो