पाणमोटीचे नऊ पापुद्रे

३ फेब्रुवारी २००१, शनिवार

आलो बाप्पा एकदाचे रायपुरात! नवीन राज्य, नवीन राजधानी, अन् माझ्या पोटात पाचवा महिना संपत आलेला. अश्विन भिलाईचा, नोकरी भोपाळले होती, राज्य वेगळं झालं तसं त्याले रायपूर मिळालं. मंत्रालय म्हणजे एक जुना दवाखानाच आहे म्हणे. जिथं याचं टेबल आहे तिथं आधी बाळंतिणींच्या खाटा होत्या, असं चपराशी सांगते. मी हसून हसून बेजार झाली.

खोल्या पुरानी बस्तीत मिळाल्या. दोन खोल्या, एक खिडकी, मोरी आतच. घरमालकीण सत्यभामा मावशी भंडाऱ्याची, लग्न होऊन इथं आली, आता एकटीच राहते. एकतीस वर्षं दाईचं काम केलं तिनं. मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून मले एवढा आनंद झाला! अश्विनले मराठी समजते सारं, पण तोंड उघडलं की हिंदीच.

मावशीनं आल्या आल्या भाकरी करून दिल्या. चांगली बाई आहे. फक्त तिच्या उजव्या अंगठ्याचं नख दोन इंच लांब आहे, पिवळं, पन्हाळीसारखं वाकलेलं. ते पिठात खुपसलेलं पाह्यलं अन् मले वाक् आली. दोनच घास खाल्ले.

९ फेब्रुवारी

अश्विन म्हणते मले किळस येण्याचा आजार आहे. असन. इथं लोक रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवतात अन् सकाळी तो आंबूस, बुळबुळीत बासी मिटक्या मारत खातात. मावशीनं प्रेमानं वाटी आणली, मी मोरीत ओतून दिली. शीऽऽ!

डॉक्टर शारदा मॅडमकडं नाव लिहून आली. त्यायले सगळं खरं सांगतलं. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात, काही दुखलं ना खुपलं, माझी पाणमोट फुटली. भांडी घासता घासता पायावरून गरम पाणी गेलं. मुलगा होता. दोन तास जगला. मॅडमनं हात धरून समजावलं की बाळाभोवती दोन पातळ पापुद्र्यांची पिशवी असते, तिच्यातल्या पाण्यामुळं बाळाले धक्का लागत नाही, नाळ दबत नाही, ऊब राहते, फुप्फुसं तयार होतात. ते पाणी बाळ पिते अन् त्याच पाण्यात मुतते. माय वो! माझं पोट्टं आपलंच मूत पिऊन राहिलं! मॅडम हसल्या. म्हणाल्या, दिवस भरेपर्यंत पिशवी टिकायले पायजे अन् दिवस भरल्यावर ती फुटायलेच पायजे.

मले फक्त टिकायले पायजे एवढंच ऐकू आलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मी मावशीचं नख कापलं. तीन दिवस मागं लागली होती. असं घाणेरडं नख घेऊन माझ्या लेकराच्या जवळ येऊ नका, असं तोंडावर सांगतलं. ती म्हणत होती, दाईचं नख आहे, एकतीस वर्षं सांभाळलं, ज्याची पाणमोट फुटत नाही त्याच्या कामी येते. मी म्हटलं, त्याच्यासाठी डॉक्टरकडं हूक असतात. तिचे डोळे भरून आले होते, पण ऐकलं बिचारीनं. नख एवढं कडक की नेलकटर वाकलं, शेवटी अडकित्ता लागला. खालून काळी माती निघाली, अन् वासही. मी तीनदा साबणानं हात धुतले.

आता दर रविवारी माझी नखं कापीन तेव्हा तिचंही कापत जाईन. सवयच लावून देते म्हटलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

हे कोणाले सांगू नये असं आहे, म्हणून लिहून ठेवते. बाबांनी उभं आयुष्य गावोगाव फिरून बाबा-बुवांच्या विरोधात भाषणं दिली अन् मी त्यायची शिकलेली पोरगी.

मावशीले मागच्या वर्षीचं सांगतलं तं तिनं चुलीवरच्या फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. आत मीठ, कडुनिंबाचा पाला अन् पापुद्रे. नऊ. कांद्याच्या आतल्या सालीसारखे, जुन्या प्लास्टिकच्या पन्नीच्या रंगाचे. तिच्या हातून नऊ पोरं पाणमोटीसकट जन्मली, न फुटता. एका श्वासात तिनं अंगठ्याच्या नखानं पाणमोट फाडली अन् पोर बाहेर घेतलं. मागून ती पिशवी धुऊन चुलीवर वाळवली. ज्या बाईची आधीच फुटते तिले ती दर शनिवारी नखाएवढा तुकडा देते. एकापेक्षा जास्त नाही, अन् नववा महिना लागला की बंद. हव म्हण, असं तिनं मले तीनदा म्हणवून घेतलं.

मी तुकडा जिभेवर ठेवला. आधी खारट. मग तो ओला झाला, फुगला, मऊ झाला, अन् जिभेले चिकटला जिवंत असल्यासारखा. नाक दाबून गिळला. मग मोरीवर बसून रडली.

१७ मार्च

चार तुकडे झाले. अश्विनले माहीत नाही. बाळ भल्लं नाचते. मॅडम म्हणाल्या, पाणी छान आहे.

२७ मार्च

हाच महिना. हाच आठवडा. दुपारी भांडी घासायले बसली अन् पाय ओला लागला. नळाचं पाणी होतं, कपडा धुऊन पाह्यला, वास घेऊन पाह्यला, नळाचंच होतं. पण मले ते पटलंच नाही. मावशी सदर बाजारात गेली होती. मी स्टूलवर चढून डबा काढला.

सगळे खाल्ले. आठ पूर्ण अन् नवव्याचा उरलेला. चावता येत नव्हते, दातात ताणले जायचे, एकाचं टोक घशात अन् दुसरं टोक बोटात. दोनदा ओकारी आली, दोनदा परत गिळलं. डब्यात मी चावल बांधून आणलेला पातळ कागद फाडून टाकला अन् वरून मीठ पसरवलं. मले माफ करा मावशी. तुम्ही दोन तास जगलेलं पोरगं हातात नाही घेतलं. मी घेतलं.

८ एप्रिल, रविवार

सातवा महिना निघून गेला! अश्विननं जलेबी आणली. मी मावशीचं नख कापलं, माझं कापलं. शनिवारचे तुकडे मले आता नको म्हणून सांगतलं, ती म्हणाली, ठीक केलं.

दुधावर साय भल्ली जाड येऊन राहिली. गवळ्याले विचारलं, तो म्हणते दूध तेच आहे.

३० एप्रिल

साय पाण्यावरही येते. माठातून गिलास भरून ठेवला, परत आली तं वर पापुद्रा. बोट लावलं तं बोटासोबत वर आला. आंघोळीच्या बादलीवरही. बेचाळीस डिग्रीची गर्मी आहे, म्हणून होत असन, असं अश्विन म्हणते. गर्मीनं पाण्यावर साय कशी येईन रे?

१९ मे

सकाळी डोळे उघडत नाहीत. पापण्या चिकटलेल्या असतात, ओढल्या की पातळ काहीतरी निघते. ओठांवरही. आज एक लांब पट्टी सोलली, कानापासून हनुवटीपर्यंत. त्याच्यावर माझ्या चेहऱ्याची छिद्रं दिसत होती. अन् चव तीच, खारट. ती मीच चाखून पाह्यली, किळस येते स्वतःची.

१६ जून

तारीख काल होऊन गेली. कळा नाहीत. बाळ हलते, पण आवाज लांबून आल्यासारखं. असं मॅडमलेही वाटलं, त्यायनं ठोके ऐकायचं मशीन बदलून पाह्यलं.

२२ जून, शुक्रवार

आज मॅडमनं पाणमोट फोडायचा हूक घातला. घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा हूक वाकला. मॅडमच्या कपाळावर घाम. म्हणाल्या, असं कधी पाह्यलं नाही. सोमवारी सकाळी ऑपरेशन. अश्विन उद्या संध्याकाळी आईले आणायले भिलाईले जाईन अन् रविवारी परत येईन.

घरी येऊन मी मावशीजवळ कबूल केलं. तिनं डबा उघडला. कागदाचे तुकडे पाहून खालीच बसली. अंगठा पुढं केला अन् म्हणाली, पोरी, याले फाडायले हे एकच होतं. नख मागच्या रविवारीच कापलेलं. मीच कापलं.

ती म्हणते, नऊ पोरं झाकायची ताकद तुह्यात गेली, आता ती एका पोराले झाकून थांबत नाही.

२४ जून, रविवार, सकाळ

अश्विन दुपारी येईन. चहा पिला नाही, कपावर – जाऊ दे. नखं कापली. सवयीनं. मग आठवलं, अन् मावशीच्या नखाले हात नाही लावला.

दहा वाजता

खिडकी दिसत नाही. म्हणजे दिसते, पण पिवळी. तिच्यावर ताणून बसलंय. शिरा आहेत त्याच्यात. लाल, बारीक – एक हलते. दारावरही. मावशीले हाका मारल्या. ती पलीकडून धक्के देऊन राहिली, दार उघडंच आहे, पण वरचा पडदा आत येते अन् परत जाते, रबरासारखा.

जमीन ओली आहे. गरम. मोरी तुंबली नाही, पाह्यलं मी.

साडेअकरा

घोट्यापर्यंत. कळा सुरू – चांगल्या कळा, खऱ्या. वास – तोच, मागच्या वर्षीचा, भांडी घासतानाचा. पलंगावर चढली. मावशी बाहेरून नखानं खरडते. आठ दिवसांचं नख, तांदळाएवढं. खर्र खर्र. तिच्या अंगठ्याचं रक्त पडद्यावर दिसते. ती ओरडून सांगते, दाराजवळ ये, मले एक फट मिळाली, एवढीशी –

कमरेपर्यंत पाणी. दाराले पाठ लावून –

झालं. झालं बाप्पा! फटीतून गेलं. माझ्या अंगातून सरळ तिच्या हातात – मी पाह्यलं नाही, नाळ ओढली गेली तेवढं कळलं. मग फट मिटली. हाताखाली मिटली.

रडते! भल्लं रडते. मावशी ओरडते, पोट्टी आहे, धडधाकट आहे, रंग चांगला आहे. मले सावली दिसते. एवढीशी. हात हलवते. दोन तास झाले का? नाही, दहा मिनिटं. जगन. ही जगन.

पाणी गळ्याशी. वही वर धरली. वरही तेच, डोक्याले लागते, मऊ. तोंडावर आलं, सोललं, पुन्हा आलं. मावशी रडून राहिली, तिचं नख तुटलं म्हणते. ती म्हणते आतून फाड, पोरी, तू आतून फाड, नख लाव –

नखं तं मी सकाळीच