दाजींच्या बांधापाशी थांबलेली वाट

सांगली,
रविवार, १५ जानेवारी १९७८

ती. दाजी यांना गुणमालेचा नमस्कार आणि जय जिनेंद्र.

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. गोड बोलण्याचे आश्वासन मात्र देत नाही. तुमच्या गुडघ्यांची चौकशी अक्काकडे केली. ते बरे असणार, कारण परवा बाभळीच्या फांद्या स्वतः ओढत नेऊन तुम्ही पठारावरच्या पड रानाला कुंपण घातलेत. आमची फिरायची वाट त्या कुंपणाशी येऊन थांबली आहे. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे सातारा, मधे तुमचे रान. हे पत्र भांडणासाठी नाही. वाटेच्या कमिटीची अध्यक्ष या नात्याने, काय काय झाले ते तुमच्या कानावर घालते.

डॉक्टरांनी अक्काला साखरेसाठी रोज चालायला सांगितले, हे तुम्हाला ठाऊक आहे. दारापुढच्या हमरस्त्यावर उसाच्या गाड्या, म्हणून ती गोठ्याभोवती फेऱ्या मारते. म्हैस बिचकते आणि पान्हा चोरते, ही तुमचीच तक्रार. तेव्हा पठारावरून दोन्ही जिल्ह्यांची गावे जोडणारी, सावलीची, अधूनमधून बसायची सोय असलेली वाट करावी, असे मी सभेत मांडले. धनगरवाडीच्या बिराप्पाने विचारले, “बाई, पर ही वाट जानार कुठं?” कुठेच नाही, फिरून परत यायचे, असे मी सांगितले. “मग घरातनं निघायचंच कशाला? बसा की निवांत.” सभा हसली. (हसणाऱ्यांत तुम्ही होता. मी पाहिले.)

सरकारी कचेरीत मला तोच प्रश्न चहा देऊन विचारला. रोजगार हमीत पाणंद बसते, पाझर तलाव बसतो, माणसाने नुसते चालणे कशातच बसत नाही. एका साहेबांनी सुचवले की वाटेच्या शेवटी एखादे देवस्थान दाखवा. मी बी. ए.ला तर्कशास्त्र घेतले होते. तरीही दाखवले, आणि तिथे चूक झाली. देवस्थान म्हणताच प्रत्येक वाडीने श्रमदान कबूल केले आणि वाट आपापल्या देवाकडे वळवून नेली. बिरोबा झाला, म्हसोबा झाला, मरीआईला तर दोन बाजूंनी गेली. सरळ गेली असती तर लहानशी वाट होती, आता ती गुऱ्हाळाच्या बैलासारखी पठारभर हिंडते. (“फिरायचीच हाय न्हवं? मग फिरंना का,” असे बिराप्पा म्हणतो.)

साखर कारखान्याने मुरूम दिला. पण हंगामात ट्रॉल्या मोकळ्या नसतात, म्हणून तो भर पावसाळ्यात आला, आणि रुतलेल्या ट्रॉल्या काढायला ज्यांचे श्रमदान तो पसरायला होते तेच लोक गेले. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी, मुनिमहाराजांच्या पायी विहाराला वाट सोयीची होईल म्हणून, दगडी बाके दिली. त्यांवर आपल्या वडिलांची नावे इतकी ठळक कोरली आहेत की बसायला कोणी धजत नाही. (माणसे शेजारी जमिनीवर बसतात.) दोन जिल्ह्यांचे ओव्हरसीअर हद्दीपलीकडे टेपचे टोकसुद्धा धरत नाहीत. दोघेही आपापल्या बाजूने तुमच्या रानापर्यंत आले आणि तिथून एकमेकांना नमस्कार करून परत गेले.

तुमचे म्हणणे मला बिराप्पाकडून कळले. “आज माणसं चालतील, उद्या गुरं येतील, परवा एस. टी. मागतील.” दाजी, ज्या वाटेला इतकी वळणे आहेत तिथे एस. टी. कोणी मागणार नाही. मार्चअखेर दोन्ही टोके जुळली नाहीत तर दोन्ही मंजुऱ्या जातील, आणि अक्काला पुन्हा म्हशीभोवती फिरावे लागेल. रानात गेल्या दहा वर्षांत कुसळाखेरीज काही उगवलेले नाही. यापुढेही उगवेल असे तुम्हालाही वाटत नसावे.

लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तुम्ही वडीलधारे आहात.

आपली मेहुणी,
गुणमाला

ता. क. ते रान सीलिंगमध्ये जादा जमीन जाईल या धास्तीने तुम्हीच अक्काच्या नावावर केले होते. नवराबायकोची जमीन एकत्रच धरतात हे तलाठ्याने मागाहून सांगितले, आणि नाव तसेच राहून गेले. अक्काने मंगळवारी संमतीपत्रावर सही केली. तुमची संमती कायद्याने लागत नाही, नात्याने मागते आहे.

पुन्हा ता. क. दोन्ही बाजूंचे मजूर शुक्रवारी येतील. त्याआधी कुंपण तुम्ही स्वतः काढलेत, तर वाटेच्या फलकावर ‘जागा दिली’ याखाली तुमचे नाव घालू. मजुरांना काढावे लागले, तर खरे नाव घालावे लागेल. पेंटर थांबवून ठेवला आहे. अक्काला विचारले. ती नको म्हणाली नाही.