शेवटून दुसरी

पलूस, ६ जानेवारी २०२६

रा. रा. जोतीराम पाव्हणं यांस,
नानासोचा सातारच्या समद्या घराला रामराम. वि. वि.

फोन केला असता, पण तुमी मिल्ट्रीतलं, मोठ्यानं बोलता, आन् मला मग काय सुचत न्हाई. म्हणून कागद घेतला. आमची प्रियदर्शनी रस्त्यावरच्या शर्यतीत पळणार, ते बी प्रांजलला बाबागाडीत घालून, असं तिनं आईला सांगितलं. आवं, त्या लेकराला अजून धड दात न्हाईत! जावईबापू तिकडं सीमेवर, आन् हिकडं त्यांची बायको-पोर रस्त्यानं गडगडत निघालीत, हे बरं दिसतं व्हय?

खरं कारण मला ठावं हाय. तिला पोलीस भरतीचं खूळ हाय, ते पोर झालं तरी जाईना. भरतीत पडली तर लोक मला हसतील. तवा शर्त लावतो. शर्यतीत शेवटची आली तर भरतीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई आली, तर प्रांजलला आमी पलूसला संभाळतो, तिनं खुशाल सराव करावा. शब्द म्हंजे शब्द.

लोभ हाय तसा ऱ्हावा. राग आला तर तेवढा माघारी धाडावा.

आपला,
नानासो


सातारा, १२ जानेवारी

रा. रा. नानासो पाव्हणं यांस,
सा. न. वि. वि.

शर्त मंजूर. सोबत तिळगूळ धाडलाय, तो आधी खावा, मग पुढचं वाचावं.

सूनबाई रोज सकाळी गाडी ढकलत पळते, मी सायकलवर मागं. तयारी एकदम पक्की. नातीचं एकच हाय, गाडी चालू असली की झोपते, थांबली की भोकाड पसरते. म्हंजे सूनबाईला थांबायची सोयच न्हाई, लय चांगलं झालं.

शर्तीचं आमच्या मंडळींना सांगितलेलं न्हाई. विजयमालाबाईंच्या कानावर गेलं की सगळ्या भिशीला कळतं. त्या सध्या नातीच्या बोरन्हाणाच्या गडबडीत हायत. पहिली संक्रांत, डोक्यावरनं बोरं-चुरमुरं ओतायलाच पाहिजेत. त्यांना त्यात राहू द्यावं. तुमी पलूसला पाळणा बांधायला घ्या.

कळावं. लोभ वाढवावा, निदान घटवू नये.

आपला,
जोतीराम


सातारा, १९ जानेवारी

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

काल शर्यत झाली. आधी रागावते, मग सांगते. माझ्या भरतीची शर्त व्याह्या-व्याह्यांनी लावायची आणि मला आदल्या दिवशी कळायचं, ही काय रीत झाली? तुमच्या नावानं खूप रडले.

सुरुवात झकास झाली. प्रांजल झोपलेली, निम्मी माणसं मागं टाकलेली. इतक्यात पहिल्या चौकात हळदीकुंकवाचं तबक घेऊन चार बायका आडव्या आल्या. भिशीतल्या ज्या मैत्रिणींना बोरन्हाणाला घरी येता आलं नव्हतं, त्यांना सासूबाईंनी सांगून टाकलेलं, की रविवारी नात तुमच्या दारावरनंच जाणार आहे, तिथंच उरकून घ्या. शर्यतीत थांबायचं नसतं हे त्यांच्या गावीही नाही! बायकांनी गाडी धरली आणि प्रांजलच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले. तिनं भोकाड पसरलं. सांडलेली बोरं वेचायला गल्लीतली पोरं धावली, तर मला गाडी काढायला वाट मिळेना. पाया पडते पण सोडा, असं मी म्हणाले, तर पाया नंतर पड, आधी कुंकू लावून घे, असं उत्तर मिळालं. हेच पुढच्या चौकात, आणि त्याच्याही पुढच्या.

कमरेला पट्टा बांधलेले आजोबा पुढं गेले. एक बाई फोनवर भाजीचं बोलत पुढं गेल्या. शेवटच्या वळणावर मागं पाहिलं तर नुसती रुग्णवाहिका, आणि तिचा ड्रायव्हर विचारत होता की ताई, बसता का.

त्या वळणावर सासूबाई स्वतः तबक घेऊन उभ्या. मला रडूच फुटलं आणि मी शर्तीचं सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग मामंजींच्या नावानं दोन शब्द हासडले, तबक शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला, चपला काढल्या, आणि मला म्हणाल्या की तू हो पुढं, मागं मी आहे.

आण्णा, त्यांचे गुडघे दुखतात. जिना चढताना त्या दोनदा थांबतात. मी पळत होते आणि मागनं त्यांची धाप ऐकू येत होती. शर्यत संपते त्या कमानीशी आल्यावर त्या अलीकडेच थांबल्या. संयोजक या या म्हणत होते, पण मी आत जाऊन उभी राहीपर्यंत हलल्या नाहीत. मग सावकाश आत आल्या आणि सगळ्यांदेखत मामंजींना म्हणाल्या, की शेवटची मी आले, व्याह्यांना तसं लिहून कळवा. मामंजींनी त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. लिहायला मात्र त्यांना लाज वाटते, म्हणून मी लिहिते आहे.

तुम्हाला कबूल नसेल तर स्पष्ट कळवा. पण मला भरतीला जायचंच आहे, आण्णा.

आईला नमस्कार. राग धरलात तरी माया सोडू नका.

तुमची,
प्रियदर्शनी


पलूस, २४ जानेवारी

चि. सौ. प्रियदर्शनीस,
आण्णाचं अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र तुज्या आईनं मोठ्यानं वाचलं. विहीणबाईंनी नाव नोंदलं न्हवतं, नंबर न्हवता, तवा त्या शर्यतीत धरायच्या का, असं मी म्हणालो. तुजी आई म्हणाली, मग आज जेवायला बी तुमाला धरत न्हाई. तवा धरल्या.

पोरी, तू पडलीस तर लोक मला हसतील, एवढंच मी बघत बसलो. विहीणबाईंनी मात्र लोकांचं हसणं आपल्या अंगावर घेतलं. तुज्या मागं उभं ऱ्हायचं काम बापाचं हुतं. ते मी केलं न्हाई, याचं मला लय वाईट वाटतं.

प्रांजलला न्यायला मी स्वतः येतो. विहीणबाईंना माजा दंडवत सांग. आन् भरतीच्या मैदानावर मी येणार हाय. पळाया मला जमायचं न्हाई, पर तुज्या मागं उभा ऱ्हाईन.

कमी पडलो तरी लोभ असू दे.

तुजा,
आण्णा