पिस्ता रंगावरचा डाग

आबा,

आज सकाळपासून तिसऱ्यांदा कॅमेरा उघडून बसले आहे. लेन्स काढून बाजूला ठेवली आहे, आतला आरसा वर गेला आहे आणि त्याच्यामागे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक काच चमकते आहे. तिला सेन्सर म्हणतात. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे रीळवाला कॅमेरा होता. त्यात दर फोटोला फिल्म पुढे सरकायची, त्यामुळे कचरा आला तरी एखाद्या फोटोत यायचा. आता ही एकच काच सगळ्या फोटोंना पुरते, आणि तिच्यावर काही बसलं की ते सगळ्या फोटोंत उतरतं. गेल्या महिन्यात तिच्यावरच्या एका तेलाच्या ठिपक्यामुळे एका माणसाला चार दिवस कामावरून घरी बसवलं. तुमच्याच कामातला माणूस, कापड तपासणारा. घरात हे सांगितलं तर म्हणतात, झालं ना सगळं ठीक, मग आता काय? म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी पर्वत पाटियाजवळ एक खोली घेतली आहे. व्यापारी साड्या पाठवतात, मी फोटो काढून देते आणि ते फोटो मोबाइलवरून गावोगावी जातात. काम बरं आहे, पण खोली तुमच्या गोडाऊनसारखीच आहे. साडी झटकली की बारीक तंतू उडतात आणि लेन्स बदलताना आत शिरतात. ते निदान रबरी पंपाने हवा मारली की निघतात. तेलाचं तसं नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे शटरला, कंपनीच तेल लावते, आणि पडदा हजारो वेळा उघडला-मिटला की त्याचे थेंब काचेवर उडतात. ब्रशने काढायला गेलं की पसरतात. भरजरी साडीवर ते दिसतही नाहीत. प्लेन, फिक्या रंगाची साडी आली आणि धागा न् धागा स्पष्ट यावा म्हणून लेन्सचं तोंड बारीक केलं की राखाडी गोल डाग उमटतो. व्यापाऱ्याला धागा न् धागाच हवा असतो.

मला लिंबायतचं ते तुमचं गोडाऊन आठवतं. लांब टेबल, वर ट्यूबलाइट, आणि तुम्ही उभ्याने कापड ओढत आहात. मी डबा घेऊन येते. मी दहा-अकरा वर्षांची असेन. कापडावर मागाच्या तेलाचा एक काळा ठिपका दिसतो. तुमचं काम हलकं करावं म्हणून मी थुंकीने अंगठा ओला करून तो घासते आणि ठिपक्याचा हा एवढा मोठा डाग होतो. तुम्ही माझा हात धरून बाजूला करता. "पुसू नको व. तुले काय समजस त्यामा? दिसना की खूण करानी." मग खडूने त्याच्याभोवती गोल काढता, काठाला लाल दोरा बांधता आणि शेठ समोर असतानाच मोठ्याने सांगता, "इथं डाग आहे." आपल्या मुलीने तो पसरवला हेही सांगता. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. घरी येईपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते.

तर गेल्या महिन्यात पिस्ता रंगाच्या प्लेन जॉर्जेट साड्यांचा लॉट आला. पलसाण्याच्या एका मिलमध्ये रंगवलेला. सगळ्या साड्या मी एकाच दांडीवर, एकाच घडीने टांगते, म्हणजे फोटो एकसारखे दिसतात. फोटो पाठवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गुजराती व्यापाऱ्याचा फोन आला. "बेन, बधा फोटामां एक ज जग्याए डाघ छे. पदरनी पासे. मालमां छे के?"

मी म्हणाले, मालातच असेल. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण वर हेही सांगितलं की सगळ्या साड्यांवर एकाच जागी आहे, म्हणजे मिलमधल्या रोलरला काहीतरी चिकटलं असणार, रोलर फिरला की त्याच अंतरावर पुन्हा डाग पडतो. हे मला तुम्ही शिकवलं होतं, आबा. व्यापाऱ्याला ते पटलं. कापडातल्या माणसाची मुलगी सांगते म्हटल्यावर पटणारच. त्याने घड्या उघडूनही पाहिल्या नाहीत, लॉट परत पाठवला. मिलमध्ये ज्याने तो तपासून पास केला होता, त्याला सांगितलं, घरी बस.

चार दिवसांनी तो माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा होता. पन्नाशीचा, चष्मा, हातात पिशवी, पिशवीत त्या लॉटमधली एक साडी. व्यापाऱ्याकडून पत्ता घेऊन आला होता. भांडायला आला असेल असं वाटलं, पण त्याने चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "ताई, माले दखाडा ना, डाग कोठे शे? मी चार दिन झाया दखी ऱ्हायनू, माले काही सापडेना."

मी साडी दांडीवर टांगली आणि फोटो काढला. स्क्रीनवर पदराजवळ डाग. तो साडीजवळ गेला, बोट लावलं, उजेडात धरून पाहिली. काही नाही. मग त्याने साडी हातभर डावीकडे सरकवली. "आते काढा." काढला. साडी सरकली होती, डाग तिथेच होता. त्याने साडीच काढून घेतली आणि मागच्या पांढऱ्या पडद्याचा फोटो काढायला लावला. पडद्यावरही डाग होता.

"तुमना कॅमेराले मोतीबिंदू व्हयना, ताई," तो म्हणाला आणि हसला. खरंच हसला. मला वाटतं, आपले डोळे शाबूत आहेत याचाच त्याला आनंद झाला असावा.

मी त्याच्यासमोरच व्यापाऱ्याला फोन लावला. कॅमेऱ्यात तेल उडालं होतं, माल चोख आहे, माझी चूक झाली, असं सांगितलं. बोलणी खायची तयारी ठेवली होती. व्यापारी म्हणाला, "अरे बेन, मशीन छे, थाय एवुं." आणि मिलला फोन करतो म्हणाला. केलाही. तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर गेला. त्या दिवशी माझ्याकडून निघताना सांगून गेला, "मनवर लेऊ नका. मशीनले काय समजस?" चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून ही काच पुसते आहे. औषधात भिजवलेली पट्टी एकदाच डावीकडून उजवीकडे फिरवायची, मग उलट्या बाजूने एकदा. तेवढ्याने निघायला हवं. डाग जातो आणि दोन दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा येतो. फोटोत वर दिसणारा डाग आत खालच्या बाजूला असतो, हे माहीत असूनही मी परवा वरचीच बाजू घासत बसले होते. तुम्ही दिलेलं धागे मोजायचं भिंग लावून पाहते. एक तंतू हलत नव्हता, पंप मारून मारून हात दुखला, आणि शेवटी वैतागून मी तोंडानेच फुंकर मारली. तुम्ही टेबलावर, चष्म्यावर, चहावर मारायचात तशी. काचेवर थुंकीचे बारीक थेंब उडाले. पंधरा वर्षं हे काम करते आहे आणि चार लोकांना शिकवलं आहे की एवढं एक करू नका. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. कॅमेरा दुरुस्तीला टाक, नवा घे, असं घरचे म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलं लिहिते. मशीनला समजत नाही हे खरं आहे. पण पहिल्या साडीचा फोटो काढला तेव्हाच तो डाग मला स्क्रीनवर दिसला होता. मी दांडीजवळ जाऊन साडी पाहिली होती, साडी स्वच्छ होती. नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकू म्हटलं आणि पुढची साडी टांगली; ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने डाग मालात आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मला तो डागही आठवत होता आणि ती स्वच्छ साडीही.