लाल्या आणि बुलेट

बाबा,

कागदावर हा शब्द किती सरळ उतरतो! पेन टेकवलं आणि झालं. तोंडाने म्हणायचा तर साठी ओलांडली तरी ओठ मिटतात आणि उघडायचं नाव घेत नाहीत. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आज लिहायला बसले त्याला कारण एक कुत्र्याचं पिल्लू. माझ्या मुलाने बडनेऱ्याहून मित्राच्या घरून आणलं. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, आणि झोपाळू इतकं की खाता खाता वाटीत तोंड ठेवून झोपतं. आणलं ते माझ्या नातीसाठी, म्हणजे तुमच्या पणतीसाठी. नऊ वर्षांची आहे, आणि जीभ माझ्यावर गेली आहे. ब, प, म आले की तीही अडते.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा मला आपला लाल्या आठवला. तेल्हाऱ्याच्या एसटीची दुपारची फेरी करून तुम्ही अकोल्याला घरी आला होतात आणि खाकी शर्टाच्या आत काहीतरी वळवळत होतं. काळंकुट्ट पिल्लू. भावांनी मोती, टायगर, बादशहा अशी नावं सुरू केली. तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "याले हाक कोन मारनार? पोरगी. मंग नाव बी तिच्या तोंडात बसनारं पायजे." आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही चुलीजवळ मांडी घालून बसला आहात, मी समोर. एकेक अक्षर मला म्हणायला लावता. मी 'म'वर अडले की हात हलवून म्हणता, "इथं थांबा नाही, पुढं चला." 'ब'लाही तेच, 'ट'लाही तेच. शेवटी 'ल' आला आणि कसा पाण्यासारखा वाहून गेला. "हां, इथं उतरा," तुम्ही म्हणालात. मी हसत हसत 'लाल्या' म्हटलं आणि तेच ठरलं. शेजारचे काका पुढे वर्षभर विचारायचे, "काहो कंडक्टरसाहेब, काळ्या कुत्र्याले लाल्या कावून म्हनता?" तुमचं उत्तर एकच, "त्याले चालते. तुमाले काय तरास हाय?"

स्टँडवर 'अकोट, तेल्हारा, तेल्हाराऽऽ' अशी तुमची हाक पार रसवंतीपर्यंत जायची, आणि तुमच्याच पोटी मी अशी अडखळणारी. लोक कीव करायचे, तुम्ही कधी केली नाही. आत्याने एकदा माझा अर्धा शब्द पुरा केला तेव्हा तुम्ही ताट बाजूला सारलंत. "तिचा शब्द तिले म्हनू दे. गाडी सुटून नाही राहिली." आत्या आठवडाभर रुसली होती. मला मात्र त्या दिवशी घर माझं वाटलं.

तर मीही तुमच्यासारखंच करायचं ठरवलं. ल, स आणि अ वरून सुरू होणारी अकरा नावं लिहून काढली. लकी, लड्डू, सोनू आणि काय काय. नातीने यादी वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. मग सुरू झाली, "ब... ब..." आणि बाबा, मी आत्याचीच भाची निघाले. "बंटी?" म्हणून मोकळी झाले. पोरगी असली चिडली! "मी म्हनत होती ना, आजी!" आम्ही सगळे गप्प थांबलो, आणि तिने तिच्या वेळेने सांगितलं: बुलेट. त्या झोपाळूचं नाव बुलेट! मी म्हटलं, अगं, तुला सोपं जाईल असं ठेव की. तर म्हणते, "सोपं नाव नको मले. त्याले दिवसातून शंभर डाव हाक मारा लागन. म्हंजे शंभर डाव ब म्हना लागन. मंग पाहू, ब थकते का मी थकते."

मी अख्खा जन्म 'ब'ला वळसा घालून काढला. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी धरली, कारण फायलींशी बोलावं लागत नाही. बटाट्याला आलू म्हटलं; तसं वऱ्हाडात सगळेच म्हणतात, तेवढं नशीब. आणि ही चिमुरडी त्या अक्षराला अंगणात बोलावून घेते! मला तिचा इतका अभिमान वाटला की उठून उगाच चहा ठेवला.

मागच्या रविवारी घरामागच्या मैदानात तिच्या हातून दोरी सुटली. बुलेट एका बकरीमागे थेट रस्त्याकडे निघाला, आणि तिकडून टेम्पो येत होता. ती ओरडायला गेली आणि अडली. "ब..." माझ्या तोंडाशी त्याचं नाव आलं होतं, पण माझेही ओठ मिटलेले. काय जोडी म्हणायची! "ब..." तिने दुसरा ब म्हटला आणि पिल्लू जागच्या जागी थांबलं. वळलं. अख्खं नाव तिच्या तोंडून येईपर्यंत तो तिच्या पायाशी होता. घरी आल्यावर माझ्या मुलाने फाटकातून सफाईने "बुलेट!" अशी हाक मारली, तर त्याने कानही हलवला नाही. तेव्हा आम्हाला उमगलं. त्याच्या लेखी नावात तीन ब आहेत. ते नसले तर हाक दुसऱ्या कुणाला तरी आहे. नात कमरेवर हात ठेवून बापाला म्हणाली, "नीट म्हना ना!"

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. भाऊ तुम्हाला हाक मारायचे, मी येऊन बाही ओढायचे. तुम्ही जाईपर्यंत मी फक्त बाहीच ओढली. तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही की शब्द पुरा होणार नाही म्हणून मी सुरूच करत नव्हते. तुम्ही पहिल्या 'ब'लाच वळला असता, हे मला कळायला घरात एक कुत्रं यावं लागलं.

हे पत्र कुठे टाकायचं असतं मला माहीत नाही. बुलेटच्या लसीच्या कार्डात ठेवून देते. आणि एक सांगते, कुणाला कळू देऊ नका. आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना कोणी नव्हतं, तेव्हा एकदा तुम्हाला मोठ्याने हाक मारून पाहिली. चार ब लागले.