मुकादमाला शिकवलेलं वाक्य

ताई,
धाकट्याचा नमस्कार. तब्येत ठणठणीत, जेवण वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

मुकादम मी नाही, माझ्या खोलीतला रंगारी झाला. माझ्यासारखी भिंत बांधणं त्याला जन्मात जमणार नाही. पण मालकाशी एका भाषेत बोलतो, गवंड्यांशी दुसऱ्या. मी नुसती मान डोलावतो.

आता त्याला मराठीही हवी. ‘आभारी आहे’ला तुमच्यात काय म्हणतात, विचारलं. माझ्या पोटात दुखतच होतं. सांगितलं, ‘मी गाढव आहे.’

काल त्याने मालकाशी भांडून मला घरी यायला सुट्टी मिळवून दिली. मी चहा दिला, तर हात जोडून म्हणाला, “मी गाढव आहे.”

वाक्य बरोबर होतं गं, माणूस तेवढा चुकला.

तुझाच,
धाकटा